नानांचे थांबे

आमच्या देवपुरातल्या गल्लीत नाना सकाळी फिरायला निघाले की प्रत्येक फाटकाशी थांबून एक प्रश्न विचारतात. प्रश्न एवढासा, उत्तर मात्र त्यांना ऐसपैस लागतं. "बोअरचं काय झालं?" "पोरीचं जमलं का?" तुम्ही नुसतं "हो" म्हणालात तर चिडतात. "असं नही भो! पहिलेपासून सांग!"

माझ्या फाटकाशी ते सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. गच्चीच्या गळतीची कहाणी मी त्यांना आठवडाभर हप्त्याहप्त्यानं ऐकवली. कंपाउंडवर हात टेकून, ओठांचा चंबू करून ते ऐकायचे. चंबू कौतुकाचा आहे, अशी माझी समजूत. बायकोला म्हटलंही, "बघ, माणसाला सांगता आलं पाहिजे." ती म्हणाली, "अहो, त्यांना दम लागलेला असतो."

खात्री करायला नानांनाच विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "तुन्या गोष्टी लांब ऱ्हातस भो. तोवर मना दम परत येस. नुसतं थांबलो की लोक खुर्ची आणतात. खुर्ची नको माले."

नानांचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. रुईची धूळ छातीत साठली, वरून बिड्या. आता फुफ्फुसं पार थकली आहेत. झोपताना ऑक्सिजनचं मशीन, खिशात तोंडात मारायचा औषधाचा पंप. मध्यंतरी त्यांनी पलंगच धरला होता. डॉक्टर म्हणाले, बसून राहिलात तर पायही जातील. चाला, दम लागला की थांबा, परत चाला. नानांनी ते मनावर घेतलं, पण कारण भलतंच सांगत. "आखाजीले हिला पाचोऱ्याला धाडायचंय. चार दिवस मोकळं राहू दे माले!"

'ही' म्हणजे अक्का, त्यांची बायको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या लेकी, केस पिकले तरी, माहेरी जातात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. नाना आजारी पडल्यापासून अक्का गेल्याच नव्हत्या. पाचोऱ्याचा भाऊ दरवर्षी न्यायला यायचा आणि एकटाच परत जायचा. यंदा अक्कांनी अट घातली, "आधी चौकातून दूध आणून दाखवा, स्वतःच्या पायानं. मग पाहू."

परीक्षेच्या सकाळी मला मदतीची हुक्की आली. सोबत असली की रस्ता कळत नाही, म्हणून मी बरोबर निघालो आणि प्रश्न विचारायला लागलो. जिनिंगला कसे लागलात? तेव्हाचा मुकादम कसा होता? भला माणूस चालता चालता उत्तरं देत राहिला. नाल्यावरच्या मोरीच्या कठड्याशी त्यांचे शब्द संपले आणि हवाही. दोन्ही हात टेकून ते वाकले, ओठ निळसर पडले. मी त्यांच्या खिशात पंप शोधायचा सोडून त्यांना शर्टाच्या टोकानं वारा घालत होतो. फाटकातून पाहत असलेल्या अक्का धावत आल्या आणि त्यांनीच पंप तोंडाला लावला. दम थोडा परतला तसे नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याले... आधी... घरी सोड."

अक्का म्हणाल्या, "झालं माझं पाचोरं. मी कुठंही जायची नाही."

त्यानंतर नाना माझं फाटक टाळून पुढच्या विजेच्या खांबाशी थांबायला लागले. खांब काही बोलत नाही, तरी! शेवटी एका सकाळी मी आतूनच ओरडलो, "नाना, गच्ची परत गळतेय!" ते थबकले. मागं वळले. "पहिलेपासून सांग," म्हणाले.

पुढं एक दिवस नाना गल्लीच्या तोंडाशी दिसले. हातात दुधाची पिशवी, एकटे. सगळे थांबे घेत, प्रत्येकाचं सगळं ऐकत ते घरी पोचले. अक्कांनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि भावाला फोन लावला.

आखाजीच्या दुपारी मी डोकावलो. नाना पलंगावर, फोन कानाशी, पण बोलत नव्हते. मला पाहून त्यांनी फोनचा आवाज मोठा केला. झोक्याची करकर, बायकांची गाणी, आणि मध्येच कुणीतरी लहान पोरीसारखं खदखदून हसत होतं.

"अक्का?"

त्यांनी मान हलवली. "फोन बंद करायचं इसरनी ती."

"मग तुम्ही करा ना."

"राहू दे." दम घेऊन म्हणाले, "घरात तिचा कान सारखा माझ्या छातीकडे असतो रे. अशी हसत नाही."

पलीकडून कुणीतरी विचारलं, "अक्का, भाऊजी एकटे राहतील का वं?"

"राहतात की. दूधसुद्धा आणतात आता," अक्का म्हणाल्या, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

गाणं संपेपर्यंत नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"परवाच येई ना रे ती?" त्यांनी विचारलं.