तांब्यावरचा नंबर

तारीख: २००७ सालच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रक्कम: पंधराशे रुपये. हजर माणसे: आमचे शेजारी गेनूतात्या, त्यांच्या पत्नी अनसाकाकू, रिचार्जवाला सोपान आणि मी. पावती: नाही. मी राजुरीत एका दूध संस्थेचे हिशेब लिहितो आणि पावतीशिवाय रुपया सोडत नाही. त्यामुळे ही शेवटची बाब मला अजून टोचते.

गेनूतात्यांची ओळख त्यांच्या टोपीपासून करून द्यावी लागेल. मोबाईल वाजला की तात्या आधी खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवतात, मग बटण दाबतात. टोपी सापडेपर्यंत फोन वाजून थांबला तरी चालेल. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, फोन मंजी पावना. पावन्यापुढं बोडक्यानं जायचं व्हय?"

पाहुण्याचे सगळे मान त्यांच्याकडे फोनला मिळतात. आधी "कोन गाव, पावणं?" मग "जेवलासा का?" त्यानंतर कामाचं. आणि फोन स्वतः कधीच ठेवायचा नाही, कारण पाहुण्याला 'उठा आता' म्हणत नाहीत. एकदा जळगावहून कुणाचा तरी चुकून फोन लागला, तर तात्यांनी त्याच्याकडून केळीचा भाव, पोरांची शिक्षणं आणि सासूचा गुडघा एवढं सगळं काढून घेतलं. बिल त्या जळगाववाल्याचं, म्हणून मी बोललो नाही.

दुसरी खोड भांड्यांची. लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर देणाऱ्याचं नाव टाकून देतात. तात्यांनी मोबाईल घेतला त्या वर्षापासून नाव सोडलं आणि नंबर टाकायला सुरुवात केली. गावातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात स्टीलचा एक तांब्या, त्यावर दहा आकडे. कुणी दिला, का दिला, काही नाही. वऱ्हाडी मंडळी तो उलटा सुलटा करून बघायची. एका व्याह्यांना तर ती भांड्याची किंमत वाटली. मी तात्यांना हौशी म्हणायचो. आमची अनसाकाकू मात्र कधी हसली नाही, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

तर तो शनिवार. मी सोपानच्या टपरीवर संस्थेच्या फोनचं रिचार्ज करायला उभा होतो. समोरून तात्या आले. टोपी डोक्यावर, फोन कानाला, चाल अशी की मांडवात नवरदेवाला घेऊन निघालेत. मागून अनसाकाकू, अनवाणी.

"सोपान, पाचशेचं आनखी एक कार्ड दे," तात्या म्हणाले. मग फोनवर हात न ठेवताच मला म्हणाले, "कंपनीचं सायेब हायेत. कुनाला सांगू नका म्हंत्यात."

हे त्यांनी चौकातल्या निम्म्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"आणखी म्हणजे? आधी किती घेतली?"

"तीन दिली मी," सोपान म्हणाला. "मला वाटलं, गावातल्या पोरींना वाटायचीत."

तात्यांच्या दुसऱ्या हातात ती तीन कार्डं होती. तिन्हींची चंदेरी पट्टी नखानं खरवडलेली.

"तात्या, हे आकडे फोनवर सांगितले?"

"मंग? सायबाला लिवून घ्यायचं व्हतं. आपला नंबर आज सांजच्याला बंद व्हनार व्हता, राव. पाच कार्डाचं आकडं दिलं की चालू ऱ्हातोय. पैसं उद्या परत जमा."

मी तात्यांच्या हातून फोन घेतला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणत होता, "हां अंकल, चौथा नंबर बोलिये, जल्दी, सर्वर बंद हो रहा है."

"कोणत्या ऑफिसातून बोलता? नाव सांगा," मी म्हणालो.

"आप कौन? अंकल को फोन दो."

"नाव आणि गाव."

तो शिवी देऊन गेला. पाहुणा उंबऱ्यावरून शिव्या देत गेलेला तात्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ते माझ्यावरच उखडले.

"भाऊ, तुमी पावन्याला घालवलं! आता नंबर बंद पडंल ना!"

मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. पट्टीखालचे आकडे म्हणजेच पैसे. ते ज्याला सांगितले, त्यानं ते आपल्या फोनात भरले. कार्डं कंपनीनंच छापलेली, आकडे तिच्याकडे आधीच आहेत, ती तुम्हाला कशाला विचारील? आणि कुणाला सांगू नका, घाई करा, असं जो म्हणतो तो कंपनीचा नसतोच. पंधराशे गेले, पण चौथं कार्ड वाचलं.

"पैसं जाऊ द्या हो!" तात्या म्हणाले. "नंबरचं काय?"

"नंबरला काही होत नाही. आणि झालाच बंद, तर आळेफाट्याला पन्नास रुपयांत नवं सिमकार्ड मिळतं."

मी हे अगदी शहाणपणानं बोललो. तात्या टपरीच्या फळीवर खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. वीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना चौकात बोडक्यानं बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"आन् तांबे?" ते म्हणाले. "समदे तांबे परत मागत फिरू का?"

मला काही कळलं नाही. अनसाकाकू माझ्याजवळ आली आणि हळू बोलली.

"भाऊ, ह्यांची एक भन व्हती. हिरा. डिंभ्याच्या वरल्या अंगाला, डोंगरात दिलेली. येस्टी आली तर आली, न्हाई तर न्हाई. तापानं पडली. गेनूदादाला सांगावा धाडा, गेनूदादाला सांगावा धाडा, करीत ऱ्हायली. सांगावा आला तवा हे पोचून काय करनार? माती झाली व्हती." तिनं पदरानं नाक पुसलं. "नंबराचा कागुद हरवतो. सासरचं लोक फाडत्यात. भांडं कोन फाडनार? पोरगी रोज पानी पितीया, आकडं ध्यानात ऱ्हात्यात."

सोपानच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. मी आयुष्यभर आकडे लिहीत आलो, पण तांब्यावरचे दहा आकडे मला कधी वाचता आले नव्हते.

मग मी जे करायचं ते केलं. तात्यांच्या सिमकार्डाचं जुनं पाकीट काकूनं गाठोड्यातून शोधून आणलं. त्यावर छापलेल्या मदतीच्या नंबरावर संस्थेच्या फोनवरून बोललो. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, नंबर चालू आहे, बंद करायची अशी कुठली योजना नाही, आम्ही कार्डावरचे आकडे विचारत नाही, गेलेले पैसे मिळणार नाहीत, पोलिसात कळवा. मी हे सगळं तात्यांना शब्द न् शब्द सांगितलं.

"त्या बाईचं गाव इचारलं का?"

"नाही."

"मंग ती तरी कशावरून?"

बरोबर होतं. नुकतंच मीच शिकवलं होतं.

"आता तुमीच लावून दावा," तात्या म्हणाले.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा राहून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या मुठीतला फोन वाजला. तात्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि बटण दाबलं.

"कोन गाव, पावणं?"

"राजुरी," मी म्हणालो.

"जेवलासा का?"

तो भामटा पुढच्या आठवड्यात पुन्हा फोनवर आला, आता लॉटरी घेऊन. तात्यांनी टोपी घालून त्याला गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, पाऊसपाणी विचारलं. त्यानंच फोन ठेवला. "जो गाव सांगत न्हाई त्यो पावना न्हाई," असा नवा नियम तात्यांनी गावाला दिला. तक्रार आम्ही लिहून दिली आहे. तिचं पुढे काही झालेलं नाही.

त्याच महिन्यात वरच्या आळीतल्या मंगलचं लग्न होतं. दिलेलं घर डिंभ्याकडचं. तांब्या घेऊन तात्या आळेफाट्याला भांड्यांच्या दुकानात निघाले, तेव्हा मीही मोटारसायकल काढली. नाव टाकायचं मशीन घरघरलं, दहा आकडे उमटले. तात्यांनी एकेक बोट फिरवून तपासले.

"याच्या खाली माझा नंबर टाका," मी दुकानदाराला म्हणालो.

तात्या माझ्याकडे बघायला लागले. "तुमचा कशाला, भाऊ?"

"तुमची टोपी सापडली नाही तर?"

आकड्याला एक रुपया असा भाव होता. दुकानदाराला दहा रुपये दिले. पावती मागितली नाही.