मच्छरदाणीतले मासे

"परभणीच्या बलदियाला जे जन्मात जमलं नाही, ते मी आठ दिवसांत करून दाखवते!" असं मी बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, आरोग्य दारोगासाहेबांना तोंडावर सांगितलं, तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक बी.एस्सी.ची पदवी आणि दुसरी नवीकोरी मच्छरदाणी. पदवी अजून आहे.

झालं असं. आमच्या मुलींच्या शाळेमागे एक हौद आहे. हौद म्हणजे खड्डाच, पण मुलींनी स्वतः खणलेला. निसर्गाभ्यासाच्या तासाला! चौथीतल्या कोकिळानं तर काठाला लावायला घरचा पाटा उचलून आणला होता. तिची आई तो परत न्यायला आली, तेव्हा ही पाट्यावर मांडी ठोकून बसली. शेवटी आईच परत गेली आणि त्या घरात आठवडाभर वाटणाशिवाय भाजी झाली.

शाळा उघडली त्याच आठवड्यात दारोगा दिनकरराव मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले. दिनकररावांना दमा होता. ते गल्लीच्या तोंडाशी असतानाच आम्हाला शाळेत कळायचं. पेटी शिकणाऱ्यानं सूर न दाबता नुसताच भाता हलवावा, तसा आवाज यायचा. त्यांनी छडी हौदात घातली आणि विचारलं, "बाई, हे वळवळायलंय ते काय?"

बेडकाची पिल्लं, असं मी म्हणू शकले असते. कुणीही शहाणी बाई तसंच म्हणाली असती! पण मला चुकीचं उत्तर देता येत नाही.

"डासांच्या अळ्या," मी म्हणाले. "आणि साध्या नव्हेत. पाण्याला समांतर पडून राहतात, म्हणजे ॲनोफिलीस. हिवतापाच्या!"

"हिवतापाच्या?" दारोगासाहेब दोन पावलं मागे सरले. "म्या आपलं बेडूकच समजलो व्हतो! मग बाई, हौद बंद. मृगापर्यंत सगळे खड्डे बुजवा म्हनून वरून हुकूम हाय. मृगाच्या दिवशी दोन गाड्या मुरूम घेऊन येतो."

मागे कोकिळाचा हुंदका ऐकू आला. मग मी ते वर सांगितलेलं वाक्य बोलले.

"मासे सोडीन," मी पुढे म्हणाले. "डोक्यावर टिकलीसारखा चमकता ठिपका असलेला बोटाएवढा मासा असतो. पाण्याच्या वरवर फिरतो आणि दिवसभर अळ्या खातो."

"मृगाच्या दिवशी हौदात मासा दिसला, तर गाड्या परत," दारोगासाहेब धापा टाकत म्हणाले. "न्हाई दिसला, तर मुरूम!"

ते गेल्यावर कोकिळानं डोळे पुसून विचारलं, "बाई, नक्की आननार?"

"विज्ञानात बहुतेक नसतं. नक्कीच असतं," मी म्हणाले. विज्ञानात बहुतेक सोडून दुसरं काहीच नसतं हे मला ठाऊक होतं, पण चौथीला इतकं शिकवत नाहीत.

आमच्या शाळेच्या शिपाईण कडूबाई यांचं माहेर झरीचं. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या तळ्यात तसले लय हायत. कोन धरत बी न्हाई. कालवन व्हत न्हाई त्येंचं."

प्रश्न जाळ्याचा होता. भोयाच्या जाळ्यातून असला मासा रामराम घालून निघून गेला असता! मी विचार केला आणि माझ्या मच्छरदाणीला कात्री लावली. डासांसाठी मासे आणि माशांसाठी मच्छरदाणी! या मांडणीत कुठेतरी काही चुकतंय असं मला त्या वेळी वाटलं नाही.

मृगाच्या आदल्या दिवशी कडूबाईंचा भाऊ मुंजाजी यानं आम्हाला बैलगाडीतून झरीला नेलं. तिथलं तळं म्हणजे पाणी थोडं आणि शेवाळ फार. पाय टाकला की वाटायचं, कुणीतरी ओल्या गोधडीत गुंडाळतंय. मी पदर खोचला, काठ्यांना बांधलेली मच्छरदाणी शेवाळाखाली आडवी सरकवली, वर सातूचं पीठ भुरभुरलं आणि उचलली. पहिल्या खेपेला एक बेडूक आणि कुणाचा तरी डावा जोडा! दुसऱ्या खेपेला मच्छरदाणी टर्रकन फाटली. तिसऱ्या खेपेला मात्र तळाशी चांदीच्या टिकल्या उडायला लागल्या, आणि मी, आयुष्यात कधी मोठ्यानं न बोलणारी, चक्क किंचाळले!

तोपर्यंत काठावर गाव जमलं होतं.

"बाई, एवढ्याश्यानं किती जनाचं कालवन व्हनार?" कुणीतरी विचारलं.

"कालवण नाही करायचं. जिवंत न्यायचेत."

"जित्ते? आन् कवा?"

"उद्या मृग ना? उद्याच पोचायला हवेत. परवा काही उपयोग नाही!"

काठावरचे लोक एकमेकांकडे पाहायला लागले. माझं लक्ष घागरीत होतं. धक्के लागू नयेत म्हणून मी आत शेवाळ भरलं. पाणी तापू नये म्हणून आत उष्णतामापक टांगला. चिमूटभर सातूचं पीठही टाकलं.

"बाई कुठं शिकल्यात म्हनं?" मागून आवाज आला.

"हैदराबादेला!" कडूबाईंनी गावाला ऐकू जाईल असं सांगितलं.

रात्री मुंजाजीच्या घरी मी शांत झोपले. सकाळी दार उघडलं, तर अंगणात निम्मं गाव बसलेलं! आणि ते निम्मं गाव खोकत होतं.

"हे काय, कडूबाई?"

"काय न्हाई. औषदाला आल्यात. दम्याच्या."

हैदराबादेला मृगाच्या दिवशी दम्यावर मासा देतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. जिवंत मासा, त्याच्या तोंडात औषध आणि मासा रोग्याच्या घशात! आगगाड्या भरभरून लोक जातात. कॉलेजात असताना मी ती रांग पाहून नाक मुरडलं होतं. आता ती रांग माझ्या दारात होती.

"तुम्ही सांगितलंत काय यांना?"

"म्या एक शबुद खोटा बोलले न्हाई!" कडूबाई उसळल्या. "बाई हैदराबादेला शिकल्या का न्हाई? शिकल्या. जित्ते मासे धरले का न्हाई? धरले. मृगालाच पायजेत, परवा उपेग न्हाई, ह्ये कोन म्हनलं? घागरीत ताप बगायची नळी हाय, वर पिवळं चूर्न हाय. लोकानी इचारलं कशाला, तर म्हनलं, बाईची विद्या हाय, मला काय कळतंय!"

पहिल्या जागेवर झरीचे पाटील आबासाहेब होते. फेटा बांधून आलेले.

"पयला मासा माजा," ते म्हणाले. "तळं गावाचं, मी गावचा पाटील."

"पाटीलसाहेब, हे औषध नाही हो!"

आबासाहेब लोकांकडे वळले. "ऐकलं का? खरा गुनी मानूस असंच म्हनतो."

"अहो, या माशांचं काम पाण्यात आहे, पोटात नाही!"

"हाव की. पान्यासंगंच गिळतो."

तेवढ्यात सटवाजी नावाचा एक म्हातारा उठला. तो हैदराबादेला जाऊन आलेला. "पाटील, तितं मरळीचं पिल्लू देत्यात. काळं असतंय. ह्ये त्ये न्हवं."

"बरोबर!" मी ओरडले. त्या क्षणी मला सटवाजीच्या पाया पडावंसं वाटलं.

"मरळ काय, कुनालाबी देत्यात," आबासाहेब म्हणाले. "टिकलीवाली खास झरीसाटी!" आणि त्यांनी घागरीत हात घातला.

पाटील आधी लाल झाले, मग जांभळे झाले, मग त्यांचे डोळे बाहेर येऊन अंगण पाहून आत गेले. शेवटी त्यांनी दणदणीत ढेकर दिला.

"छाती मोकळी झाली!"

घशात अडकलेला मासा खाली गेला म्हणून ती मोकळी झाली, असं माझं निरीक्षण होतं. पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. रांग घागरीवर कोसळली. पाटलीणबाई धुरपताबाई दोनदा आल्या.

"तुम्हाला कुठे दमा आहे?" मी विचारलं.

"न्हाई. पन पुडं झाला तर?"

मी घागर उराशी धरून गाडीत चढले आणि मुंजाजीला म्हणाले, "हाका! कुठेही थांबायचं नाही!"

पण आमच्या पुढे एक सायकलवाला सुटला होता. वाटेवरच्या प्रत्येक लिंबाखाली माणसं खोकत उभी! आणि प्रत्येक लिंबाखाली मुंजाजी गाडी थांबवायचा.

"आजारी मानूस आडवं आल्यावर बैल पुडं जात न्हाई, बाई."

"बैल जात नाहीत, की तुम्ही नेत नाही?"

"दोन्ही बी."

शेवटच्या लिंबाखाली कस्तुराबाई म्हणून एक म्हातारी होती. चार शब्द बोलायला तिला चार वेळा थांबावं लागत होतं. ती काही मागत नव्हती, नुसती घागरीकडे पाहत होती. मी तिलाही सगळं विज्ञान समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. आणि मग मीच घागरीत हात घालून मासा काढून दिला. हे कृपा करून कुठे बोलू नका.

दुपारी शाळेत पोचलो. मुरमाच्या दोन गाड्या दारात उभ्या होत्या. मुली हात धरून हौदाभोवती कडं करून उभ्या होत्या आणि कोकिळा पाट्यावर बसली होती. या खेपेला बलदियाविरुद्ध!

"बाई आल्या! बाई आल्या! मासे आले!"

मी घागर हौदात उपडी केली. आधी शेवाळाचा भला मोठा गोळा पडला. मग पाणी. मग बऱ्याच वेळानं एक मासा.

"एकच?" दारोगासाहेबांनी विचारलं.

"वाढतील," मी म्हणाले.

"एकट्याचे?"

जीवशास्त्राच्या दृष्टीनं त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

"बाई, एका मास्यावर मी वर काय जवाब देऊ? टाका रे मुरूम!"

पहिली पाटी उलटली आणि मुरमाचा धुरळा उठून थेट दारोगासाहेबांच्या नाकात गेला. भाता सुरू झाला! ते वाकले, काठ धरून बसले, चेहरा काळानिळा पडला. मी पाणी आणायला आत धावले. तेवढ्या वेळात कडूबाईंनी तांब्या हौदात बुडवला.

"साहेब, आज मृग हाय! आ करा!"

"मी... आरोग्य... खात्याचा..."

"आ करा म्हनते ना!"

मी पाणी घेऊन आले तेव्हा दारोगासाहेबांचं तोंड मिटलेलं होतं आणि डोळे सताड उघडे होते. गड्यांच्या हातातल्या पाट्या जागच्या जागी थांबल्या होत्या. धुरळा खाली बसत होता. हळूहळू भाता मंदावला. साहेबांनी एक लांब, स्वच्छ श्वास घेतला.

"माशाल्ला!" ते पुटपुटले.

आणि कोकिळानं भोकाड पसरलं. "आमचा मासा! साहेबानं आमचा मासा खाल्ला!"

पाठोपाठ अख्खी चौथी! रडणाऱ्या तीस मुलींसमोर सरकारी माणूस फार लहान दिसतो. दारोगासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"गाड्या फिरवा," ते म्हणाले.

"पन साहेब," एक गडी बोलला, "हौदात तर आता मासा न्हाई."

"व्हता! म्या पाह्यला," साहेब गरजले. "लय जवळून पाह्यला! आन् हा औषदाचा हौद हाय. पुढच्या मृगापर्यंत ह्याच्या पान्याला कुनी हात लावायचा न्हाई!"

अशा रीतीनं हौद वाचला. हौदातल्या अळ्याही वाचल्या, आणि तेही बलदियाच्या हुकुमानं! पंख फुटताच त्या डास होऊन सर्वांत जवळच्या घराकडे निघाल्या. शाळेच्या आवारात माझंच घर आहे.

"कडूबाई, मच्छरदाणीचे तुकडे तरी कुठे आहेत? शिवून घेते," मी विचारलं.

"आता कुठलं, बाई? झरीच्या लोकानी चिंध्या करून गळ्यात बांधल्या. दम्याला लय गुन हाय म्हनत्यात."

दोन-अडीच आठवड्यांनी मला थंडी वाजून ताप भरला. घागरीतल्या त्याच उष्णतामापकानं मी तो मोजला. हिवताप! दारोगासाहेब स्वतः क्विनाइन घेऊन आले. गल्लीच्या तोंडापासून भात्याचा आवाज येतच होता, पण आपल्याला पूर्ण आराम आहे असं ते म्हणाले. मी कडू गोळीकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"गिळा, बाई," ते म्हणाले. "मी गिळला तो तर वळवळत व्हता!"

मी गिळली.

आणि तेवढ्यात कोकिळा धावत आत आली. ओले हात, ओला परकर. हुकूम मोडून ती हौदात उतरली होती, पण दारोगासाहेबांसमोर ते लपवायचंही तिला भान नव्हतं.

"बाई! पिल्लं! शेवाळात पिल्लं! सुईएवढी! आन् परत्येकाच्या डोक्यावर टिकली!"

"औषदाची करामत!" दारोगासाहेबांनी हात जोडले.

करामत कसली! हा मासा आपली अंडी शेवाळाला चिकटवतो. घागरीत मी जे शेवाळ भरलं, त्यातच ती आली होती. मोठा मासा हौदात राहिला असता, तर त्यानं ही पिल्लं खाऊन टाकली असती. म्हणजे दारोगासाहेबांनी तो गिळला हेही शास्त्राला धरूनच झालं! तळ्यात उतरायला नको होतं, घागर नको होती, पाटील नकोत, लिंबं नकोत. झरीहून मुंजाजीच्या हाती मूठभर ओलं शेवाळ मागवलं असतं, तर काम झालं असतं. आणि मच्छरदाणी शाबूत राहिली असती.

मला हे ठाऊक नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. हाच प्रश्न मला बी.एस्सी.च्या पेपरात आला होता. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते!