निंबाखालचं केनिया

आई-पप्पा नसताना पंधरा दिवस घर आणि गाय मी सहज सांभाळीन, असं मी छाती काढून सांगितलं. मी बावीस वर्षांचा आहे, सुप्याला कंपनीत जातो आणि मला मॅगी येते. आईला हा पुरावा अपुरा वाटला.

दोघं चर्चतर्फे केनियातल्या एका गावात मिशनच्या सेवेला निघाले होते. मी आणि धाकटी रेश्मा इथंच राहणार होतो.

"शनिवारी तालीम घेऊ," आई म्हणाली. "दिवसभर आम्ही केनियात. न्हाई जमलं, तर पुणतांब्याहून मार्था आत्या येईल राहायला."

मार्था आत्या पहाटे गार पाण्यानं अंघोळ घालते आणि मोबाईल गव्हाच्या कोठीत टाकते. तालीम पास होणं गरजेचं होतं.

शनिवारी अंगणातल्या निंबाखाली बाज टाकून आई-पप्पा केनियात गेले. नियम एकच. बोलायचं नाही, फार तर फोन.

थोड्याच वेळात फोन वाजला. समोर बाजेवर बसून आई बोलत होती.

"हॅलो, केनियातून बोलतेय. गाय सुटलीय."

"तिकडून कसं दिसलं?"

"आईला दिसतं."

मी चप्पल शोधेपर्यंत शेजारचे भिमाजीतात्या गाय ओढत आलेच. तिनं त्यांच्या शेतातला हिरवा घास फस्त केला होता.

"तुझा बाप कुठंय?"

"केनियात."

"आन ह्यो बाजेवर कोन बसलाय?"

"तेच केनिया, तात्या."

तात्यांनी पप्पांना हाक मारली. पप्पा शब्दाचे पक्के. ते लांब क्षितिजाकडं बघत राहिले. तात्यांनी त्यांना हलवलं, त्यांच्या डोळ्यांपुढं बोटं नाचवली. पप्पांनी पापणी लवू दिली नाही. आई पदरात तोंड खुपसून हसत होती. तात्यांना वाटलं, रडतेय.

"आरं, वाचा गेली मानसाची!" म्हणत ते गाय तिथंच सोडून पळाले.

अर्ध्या तासात चर्चच्या पाळकसाहेबांसह सगळी मंडळी अंगणात. मी पाहुण्यांच्या चहासाठी दूध गॅसवर ठेवून बाहेर आलो, तोवर पाळकसाहेबांनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरूही केली होती. आमच्याकडं एकदा डोळे मिटले की आमेनपर्यंत कुणी उघडत नाही, मधे बोलत तर नाहीच. आणि आमच्या पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत आमेन फार लांब असतं. गावातले सगळे आजारी ओलांडून यावं लागतं.

"हे प्रभू, तुझ्या दासाची वाचा मोकळी कर..."

आतून चर्र आवाज आला. मग करपल्याचा वास. रेश्मानं मला कोपर मारलं, मी तिला मारलं. डोळे दोघांचेही मिटलेलेच.

"एकच शब्द फुटू दे, प्रभू, एकच..."

"रव्या, दूध!" पप्पा ओरडले.

सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. मग "हालेलुया!" लोकांनी पप्पांना खांद्यावर घेतलं. "मला काही झालंच नव्हतं," असं ते वरून सांगत होते, पण बोलताहेत याच आनंदात ते काय बोलताहेत, हे कुणी ऐकेना.

"आम्ही पास का?" मी आईला हळूच विचारलं.

आई करपलेलं पातेलं बघत होती. "विचार करते," म्हणाली.

विचार संध्याकाळी संपला. भावाची वाचा गेल्याचं कुणीतरी पुणतांब्याला कळवलं होतं, परत आल्याचं कुणीच नाही. शेवटच्या एसटीनं आत्या वळकटीसकट हजर झाली. भाऊ ठणठणीत दिसल्यावर म्हणाली, "आलेच हाय, तर ह्ये केनियाहून येईस्तवर राहते."

पहाटे तिनं बादली भरून मला हाक मारली. मग रेश्माला. मग पुन्हा मला.

आम्ही निंबाखाली बाजेवर बसून लांब क्षितिजाकडं बघत होतो.