मुख्य अतिथींच्या हस्ते बोर्ड काढणे

आमच्या बोअरच्या मोटरचा ऑटो जळाला, ही बाब सर्वप्रथम नमूद करणे आवश्यक आहे. ऑटो म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारी डबी. मेडशी शिवारात आमचा वीस गुंठ्यांचा सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा आहे आणि वीज तिच्या सवडीने येते. डबी बंद पडली की बटनापाशी माणूस उभा करावा लागतो. आमच्या घरात हा माणूस म्हणजे माझी पत्नी रुख्मिणी. मी देखरेख करतो.

सून शुभांगीने आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आहे. तिने डबी उघडली. आतल्या बोर्डाचा कोळसा झाला होता.

"मामाजी, बोर्ड घरीच बनते," ती म्हणाली. "तांबं चढवलेली कोरी पाटी हाये माह्यापाशी. तिच्यावर मार्करनं रेघा काढायच्या. मंग व्हिनेगर, मीठ अन् जखमा धुवायचं पेरॉक्साइड, या पाण्यात बुडवायची. उघडं तांबं विरघळते, शाईखालचं राह्यते. अर्ध्या घंट्याचं काम."

"अन् जास्त वेळ ठेवली तं?"

"शाईखालचंही खाते ते पाणी. रेघाच राह्यत नाहीत. टायमावर काढाच लागते."

"मंग आताच करा न," रुख्मिणी म्हणाली. "शुक्रवारी बाजार हाये. सांबार पाण्यावर आला."

काम अर्ध्या तासाचं होतं, हीच त्यातली अडचण. अर्ध्या तासात झालेलं काम गावात कोणाला कळत नाही. मी ग्रामपंचायतीत सहज विषय काढला. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'ग्रामीण विद्युत स्वावलंबन नवोपक्रम' झालं होतं. नाव मीच सुचवलं होतं. निवृत्त मुख्याध्यापक भगवंतरावांनी सूत्रसंचालनाची जबाबदारी मोठ्या मनाने स्वीकारली. त्यांना कोणी ती दिलेली नव्हती. मुख्य अतिथी म्हणून नवोपक्रम प्रोत्साहन कक्षाचे प्रभारी उपसमन्वयक साहेब ठरले. त्यांची तारीख तीन दिवसांनंतरची, गुरुवारची मिळाली. ते तीन दिवस रुख्मिणी बटनापाशी उभी राहिली, वीज जेमतेम आली आणि मी कार्यक्रमपत्रिकेचं शुद्धलेखन तपासलं.

पत्रिकेत सगळं स्पष्ट होतं. अकरा वाजता बोर्ड द्रावणात सोडणे, हस्ते जगदेवराव, म्हणजे मी. साडेअकराला बोर्ड द्रावणातून काढणे, हस्ते मुख्य अतिथी.

अकराला साहेबांच्या ड्रायव्हरचा फोन आला. "जऊळक्याहून निघालो." जऊळक्याहून यायला त्यांच्या गाडीला अर्धा तास, तांब्याला विरघळायला अर्धा तास. हिशोब इतका चपखल जुळलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी टाळ्यांच्या गजरात बोर्ड टबात सोडला. पाणी हळूहळू हिरवं होऊ लागलं. चाळीस खुर्च्यांपैकी अठ्ठावीस भरल्या होत्या.

साडेअकराला शुभांगी कानाशी आली. "मामाजी, झालं. काढा."

"पाहुणे आल्याबिगर?"

"मी काढून धुवून ठेवतो न. साहेब आले का पुन्हा बुडवू, ते काढतीन."

प्रस्ताव व्यवहार्य होता. म्हणून मी तो भगवंतरावांकडे पाठवला. त्यांनी चष्मा लावून पत्रिका वाचली. "पत्रिकेत 'काढणे' एकदाच आहे, जगदेवराव. आधी एकदा काढला, तर खरं उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, असा प्रश्न उपस्थित होईल."

तो प्रश्न कोण उपस्थित करील, हे मी विचारलं नाही. फोटोत साहेबांशेजारी मीच उभा राहणार होतो.

बाराला मंडपातला पंखा फिरला. वीज आली होती. रुख्मिणी औक्षणाचं ताट खाली ठेवून उठली.

"कुठं चालली?"

"मोटर लावाले. सांबार मरून राह्यला तिकडं."

"अन् साहेब आले तं? ताट कोन धरीन?"

"कोनाच्याही हाती द्या ताट. हात का कमी हायेत इथं?"

"पत्रिकेत तुहं नाव छापलं हाये."

ती बसली. पंख्याच्या वाऱ्याने निरांजन विझलं. तिने ते पुन्हा लावलं.

एकला ड्रायव्हर म्हणाला, "निघूनच राह्यलो." दोनला म्हणाला, "जेवून निघतो." दरम्यान पाणी मलूल दिसू लागलं. साहेबांना ताजं दिसावं म्हणून मी ग्रामपंचायतीचा शिपाई दिनेश याला सूचना केली. त्याने दोन मुठी मीठ आणि पेरॉक्साइडच्या दोन बाटल्या ओतल्या. बुडबुडे आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शुभांगीने पदर तोंडाशी धरला. वासामुळे असावा, असं मी तेव्हा समजलो.

तीन वाजून दहा मिनिटांनी साहेब आले. औक्षण झालं. पुष्पगुच्छाऐवजी आमच्या मळ्यातल्या सांबाराची जुडी दिली. मळ्यात हिरवी म्हणता येईल अशी तेवढीच उरली होती. साहेबांनी प्लॅस्टिकच्या चिमट्याने बोर्ड वर काढला.

त्यावर काहीच नव्हतं. ना शाई, ना तांबं, ना रेघ. नुसती पिवळट पाटी.

मागच्यांनी माना उंचावल्या. साहेबांनी पाटी उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "वा! इतकं स्वच्छ काम मी अजून कुठं पाहिलं नाही. याच्यावर मोटर चालते?"

"तत्त्वतः," भगवंतराव म्हणाले.

टाळ्या कडाडल्या. सत्यासाठी नोंदवतो, पहिली टाळी माझी होती.

रुख्मिणी मळ्यात पोचली आणि वीज गेली. शुक्रवारी बाजाराला तिची टोपली गेली नाही. शनिवारी शुभांगीने स्वयंपाकघरात, कोणालाही न बोलावता, भात शिजेपर्यंत दुसरा बोर्ड केला. मोटर आता आपोआप सुरू होते आणि वाळलेल्या सांबाराला वेळेवर पाणी मिळतं.

कोरी पाटी ग्रामपंचायतीत काचेच्या चौकटीत आहे. तिच्या बळावर मला रिठदला एका प्रयोगाचा मुख्य अतिथी म्हणून बोलावलं आहे. वेळ आज अकराची. आता एक वाजला. निघालो म्हणून मी दोनदा कळवलं आहे.

"अजून इथंच?" रुख्मिणीने मघाशी विचारलं. "थ्या लोकायचं काही बुडवेल असन न."

तुम्ही मात्र तिच्या बाजूने मान डोलावू नका. एवढं सगळं निवांत वाचायला सवड मिळाली, त्याअर्थी तुम्हीही खुर्चीवर बसून कोणाची तरी वाटच पाहत असणार. वाचून झालं असेल तर समोरच्या टबात एकदा डोकावून घ्या.