चालेल म्हणणाऱ्यांचं आकाशघर

एका जंगलात एकदा आकाशात घर बांधायचं ठरलं. कशाला, असं विचारू नका बाळांनो. शेजारच्या जंगलाने बांधलं होतं, एवढं कारण पुरे. शेजारणीने नवा फ्रीज घेतला की तुमच्या घरी काय होतं ते आठवा.

सिंहमहाराजांनी सभा भरवली. "आपलंही आकाशघर हवं," ते म्हणाले. "शेजाऱ्यांपेक्षा वीतभर मोठं!"

काम मिळालं धवलकरांना. धवलकर म्हणजे बगळा. लांबच्या, थंड मुलखातल्या तळ्यावर शिकून आलेले. ते एका पायावर उभे राहून बोलायचे आणि मध्येच डोळे मिटून घ्यायचे. त्यामुळे समोरच्याला उगीचच आपण अडाणी आहोत असं वाटायचं. आपल्या जंगलात अशांना विद्वान म्हणतात.

धवलकरांनी आधी कागदावर एक आदर्श प्राणी काढला. उंच, सडपातळ, मितभाषी, एकटाच उभा. तो कुणासारखा दिसत होता ते तुम्ही ओळखलंच असेल. मग त्या प्राण्याच्या मापाने त्यांनी घर बेतलं. जाड कापडाचा भलामोठा फुगा. आत जेवायला टेबल, बाहेरच्या कापडाला लागून तीन पलंग, आणि मधोमध लाकडी भिंतींचा एक ध्यानकक्ष. ध्यानकक्षात एका पायावर उभं राहायची उत्तम सोय होती.

तिथे राहायला जाणार होते तिघं. एक गुंडोपंत अस्वल. पाठ खाजवल्याशिवाय त्यांना काही सुचत नसे. दुसरे उलपे, म्हणजे वटवाघूळ. ते उलटं लटकल्याशिवाय झोपत नसत. आणि तिसऱ्या काटेकाकू.

काटेकाकू साळिंदर होत्या. जाग्या असल्या की त्यांचे काटे शहाण्यासारखे पाठीवर पडून असत. पण डोळा लागला आणि एखादं स्वप्न पडलं की सगळे ताडकन उभे! लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी काकूंच्या यजमानांनी शेजारचं बीळ घेतलं होतं. संसार मात्र छान झाला.

काकूंना वर जायची फार हौस. सारा जन्म बिळात गेलेला. एकदा तरी आपलं जंगल वरून बघायचं, म्हणून त्यांनी अर्ज केला होता.

आधी रंगीत तालीम झाली. तळ्याकाठी तस्संच घर फुगवलं आणि तिघं त्यात पंधरा दिवस राहिले.

कसे राहिले? काकू टेबलाखाली, भुईवर झोपल्या. उलपे ध्यानकक्षाच्या छताला लटकले. गुंडोपंत दारात आडवे. टेबलावर कुणी एक घाससुद्धा खाल्ला नाही. तिघं खाऊच्या पेटीभोवती फतकल मारून बसायचे, तिथेच जेवायचे आणि तिथेच दुपारभर कुचाळक्या करायचे.

हे धवलकरांना दिसलं का? छे! कसं दिसणार? ते रोज दहाच्या ठोक्याला पाहणीला यायचे. आणि पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? बरोबर. घर आवरतात.

पावणेदहा झाले की काकूंची लगबग सुरू. "अहो गुंडोपंत, उठा की! साहेब येतील. उलपेभाऊ, खाली उतरा बघू, बरं दिसत नाही ते." पलंगावर चादरी ताणून व्हायच्या. टेबलावर ताटं मांडून व्हायची. धवलकर आत यायचे तेव्हा तिघं टेबलाशी ताठ बसलेले, जणू मुलगी बघायला आलेत.

"काकू, पलंग कसा आहे?" धवलकर विचारायचे.

"चालेल."

"गुंडोपंत, टेबल?"

"चालेल की!"

"आणि उलपे, तुमचं काय?"

"आपलं काय हो साहेब, आपल्याला काहीही चालेल."

धवलकर खूश होऊन वहीत लिहायचे: तिघांनाही पसंत.

आता बाळांनो, लक्ष द्या. खिडकीबाहेर काय बघताय? 'चालेल' हा शब्द आपण कधी वापरतो? चहात साखर नसली की. लग्नात शेवटच्या पंगतीत नुसता भात उरला की. आवडलं असतं तर आपण 'वा!' म्हटलं असतं. 'चालेल' म्हणजे, आवडलेलं नाही, पण तुम्ही एवढ्या उन्हातून आलात, आता तोंडावर कसं सांगू? हे आपल्याकडे रांगणाऱ्या पिल्लालाही कळतं. धवलकर थंड मुलखात शिकलेले. तिथे पसंत नसेल तर नाही म्हणतात म्हणे. काय तरी एकेक मुलूख!

झालं. अग्निबाणाला नारळ फुटला आणि घर वर गेलं.

पहिल्या दिवशी काकूंनी खिडकीतून आपलं जंगल पाहिलं. मूठभर हिरवं, त्यात टिकलीएवढं तळं. काकूंना रडू आलं. पण वर वजन नसतं ना, त्यामुळे अश्रू गालावर उतरेनात, डोळ्यालाच चिकटून बसले. तरी त्या हसत होत्या.

मग झोपायची वेळ झाली आणि काकूंच्या लक्षात आलं, अरे देवा, इथे भुईच नाही! टेबलाखाली झोपावं तर माणूस तरंगत छताला लागतो. झोपायचं तर पलंगालाच पट्ट्यांनी बांधून घ्यायला हवं. आणि पलंगाच्या पलीकडे कापड. कापडाच्या पलीकडे काहीच नाही. हवासुद्धा नाही.

काकूंनी आपल्या काट्यांवरून हात फिरवला आणि ठरवलं की झोपायचंच नाही.

"काकू, झोपा की," गुंडोपंत म्हणाले.

"तुम्ही झोपा. मला मेली झोपच कमी."

दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. उलपे मजेत होते, कारण वर-खाली असं काही उरलंच नव्हतं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी उलटे म्हणत नव्हतं. काकू मात्र डोळे ताणून बसल्या होत्या. खिडकीतून जंगल जायचं, पण त्यांना ते दोन-दोन दिसायला लागलं होतं. मला तर काकूंचा राग येतो. सांगायचं ना बाई तोंड उघडून! पण तुम्ही तरी कुठे सांगता? वहिनींच्या हातच्या खारट भाजीला काय म्हणालात परवा?

खालून रोज यंत्रातून धवलकरांचा आवाज यायचा. "कसं चाललंय?"

"चाललंय," काकू म्हणायच्या.

चौथ्या दिवशी काकू पलंगाजवळचा पट्टा धरून उभ्या होत्या. उभ्या उभ्याच डोळा लागला. स्वप्नात त्यांना आपलं बीळ दिसलं असावं. काटे ताडकन उभे राहिले.

फुस्स!

एवढंसं भोक. पण घरातल्या चादरी, ताटं, गुंडोपंतांचा अर्धा खाल्लेला लाडू, सगळं त्या भोकाकडे धावू लागलं. कापड टरटरायला लागलं. उलपे किंचाळले. गुंडोपंतांनी क्षणभरही विचार केला नाही. विचार करायला पाठ खाजवावी लागली असती आणि तेवढा वेळ नव्हता. ते सरळ जाऊन भोकावर बसले. आवाज थांबला.

काकूंनी आपले काटे पाठीवर दाबून धरले. "माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "माझ्या सभ्यपणापायी तुम्ही दोघं आज मेला असता."

"खालून गार लागतंय," गुंडोपंत म्हणाले. "पण चालेल."

"गप्प बसा!" काकू कडाडल्या. "तो शब्द या घरात पुन्हा काढाल तर याद राखा!"

तेवढ्यात खालून आवाज आला. "कसं चाललंय?"

काकू यंत्रापाशी गेल्या. "नाही चालत," त्या म्हणाल्या.

मग धवलकर म्हणाले, "म्हणजे... थोडं कमी चालतंय?"

"नाही. पलंग नाही चालत. टेबल नाही चालत. तुमचा तो ध्यानकक्ष आम्हाला ध्यानासाठी नको. आमच्या घरात भोक पडलंय आणि गुंडोपंत त्याच्यावर बसलेत. मी घर मोडून पुन्हा मांडतेय. विचारत नाहीये, सांगतेय."

धवलकरांनी वही चाळली. तिच्यात दोनच रकाने होते, 'चालेल' आणि 'उत्तम चालेल'. त्यांनी डोळे मिटून घेतले.

काकूंनी टेबल मोडून त्याची फळी भोकावर घट्ट बसवली. पलंगांच्या गाद्या बाहेरच्या कापडाला आतून लावल्या. खाऊची पेटी ऐसपैस जागी आणली. आणि स्वतः मधल्या लाकडी ध्यानकक्षात शिरल्या. चारी बाजूंना जाड लाकूड. काकूंनी दार लावलं, काटे मोकळे सोडले आणि सलग दोन दिवस घोरल्या. पुढे सहा महिने तिघं वर सुखाने राहिले.

खाली आल्यावर सत्कार झाला. धवलकरांचा. 'राहणाऱ्यांना हवं तसं मोडता येणारं घर बांधल्याबद्दल.' काकूंनाही एक मानपत्र मिळालं, जरा लहान.

मग दुसरं आकाशघर बांधलं. आता धवलकर शहाणे झाले होते. "या वेळी," ते म्हणाले, "राहणारे खरोखर कसे राहतात, त्यावरूनच सगळं केलंय." या खेपेला जाणार होते तीन ससे. नारळ फोडायला काटेकाकूंना बोलावलं.

काकूंनी आत डोकावून पाहिलं. मधोमध काट्यांना पुरेल अशी लाकडी खोली. खाऊची पेटी ऐसपैस जागी. आणि बाहेरच्या कापडात, अगदी त्याच जागी, एक भोक. छान गोल, पितळी कडेचं. तात्पुरतं बूच लावलेलं. वर पाटी: 'बैठक, अस्वलासाठी राखीव'.

"अस्वल कुठंय?" काकूंनी विचारलं.

"या वेळी अस्वल नाही."

"मग भोक कशाला?"

"काकू," धवलकर समजुतीच्या सुरात म्हणाले, "ही तुम्हीच वापरून सिद्ध केलेली रचना आहे."

काकूंनी सगळ्यांत धाकट्या सशाकडे पाहिलं. "काय रे, तुला चालणार आहे का हे?"

सशाने भोकाकडे पाहिलं. मग महाराजांकडे पाहिलं. "चालेल," तो पुटपुटला.

काकूंनी नारळ खाली ठेवला. त्या आकाशघराच्या दारात जाऊन बसल्या आणि सगळे काटे उभे केले.

"काकू, मुहूर्त टळतोय!" धवलकर ओरडले.

"टळू दे."

"उचला हिला!" महाराज गरजले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साळिंदराला उचलायचं म्हणजे नेमकं कुठे धरायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तसा मुहूर्त टळला.

महाराजांनी काकूंचं मानपत्र परत मागितलं. काकूंनी देऊन टाकलं.

ते आकाशघर अजून तळ्याकाठीच आहे. ससे त्यात मजेत राहतात. दाराचा वापर कुणीच करत नाही. पितळी कडेच्या भोकातून ये-जा करणं त्यांना जास्त सोयीचं पडतं.

तात्पर्य: घर बांधण्याआधी राहणाऱ्यांना काहीही विचारू नये. ते सभ्य असतात, आणि सभ्यपणामुळे फार अपघात होतात. आपल्याला आवडेल तसं घर बांधून मोकळं व्हावं, आणि सोबत एक अस्वल द्यावं.