गारपिटीचा गठ्ठा

माणसाने खोटं छापावं, पण आपल्या बायकोच्या वाचनात येईल असं छापू नये, हे शहाणपण मला चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात आलं. तोवर उजवा हात कामातून गेला होता.

मी सक्करदऱ्याच्या एका छोट्या छापखान्यात जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करणारा. तिथून दर गुरुवारी 'नवा उजेड' नावाचं साप्ताहिक निघे. त्यातली 'आठवड्याचे हवामान' ही चौकट माझ्या ताब्यात होती. (संपादकांना स्वतःचा अग्रलेख महत्त्वाचा वाटे. वाचकांना चौकट.) रीत अशी होती की बुधवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून हवामान कचेरीला फोन करायचा आणि ते सांगतील ते छापायचं. पण नागपूरच्या उन्हात कोपऱ्यापर्यंत जातो कोण? मी चार मजकूर कायमचे जुळवून दोऱ्याने बांधून ठेवले होते: कोरडे, तुरळक सरी, झड आणि गारपीट. खिडकीतून आभाळाकडे बघायचं आणि मन म्हणेल तो गठ्ठा चौकटीत बसवायचा. आठ वर्षं कोणी हूं की चूं केलं नव्हतं. गारपिटीच्या गठ्ठ्याला तर एकदाही शाई लागली नव्हती.

त्या एप्रिलात मी मोहल्ल्याच्या कॅरम स्पर्धेत फायनलला पोचलो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. (एरवी पहिल्या फेरीत हरून मी पुढच्या फेऱ्यांना पाणी वाटत असे.) फायनल रविवारी सकाळी दहाला, शालिकराम टेलरशी. आणि नेमक्या त्याच सकाळी मनकर्णेने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, कुरडया घालायचं ठरवलं होतं.

कुरडयांचा चीक गरम असतानाच सोऱ्यातून दाबून काढावा लागतो आणि आमच्या घरी सोऱ्याचं खातं माझ्याकडे. मागच्या वर्षी त्यानंतर तीन दिवस मला कप उचलता आला नव्हता. चहा मी वाकून बशीतून प्यायलो होतो. अशा मनगटाने राणी काय घेणार? मी कुरडया पुढच्या रविवारी ढकलायची गोष्ट काढली, तर मनकर्णा म्हणाली, "वर्षभर पोरायच्या ताटात काय वाढू मंग? कॅरमच्या सोंगट्या?"

तेव्हा मला ती भयंकर युक्ती सुचली. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो, म्हणजे गुरुवारी. त्या दिवशी पेपरात गारा आल्या, तर गहू भिजवील कोण? चुकून खरंच वादळ यायचं आणि फायनलच वाहून जायची, म्हणून आठ वर्षांत पहिल्यांदा मी कोपऱ्यावर जाऊन फोन केला. पलीकडच्या साहेबांनी आठवडाभर कडक ऊन सांगितलं. मी परत येऊन गारपिटीचा गठ्ठा बसवला आणि शेवटी 'रविवारी सकाळी लिंबाएवढ्या गारा' अशी एक ओळ पदरची जोडली.

गुरुवारी मनकर्णेने चौकट वाचली. तिचा चेहरा एकदम खुलला. पेपर घेऊन ती शेजारच्या रंभाबाईकडे गेली आणि तिकडून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, मेहनत वाचली म्हणून हसताहेत. तीन दिवस आमच्या घरात भिजल्या गव्हाचा आंबूस वास नव्हता. मी मनगटाला तेल चोळत होतो आणि फार म्हणजे फारच आनंदात होतो.

रविवारी सकाळी सहाला मनकर्णेने मला हलवून उठवून गच्चीवर नेलं. बघतो तर सात घरच्या बाया, सात पातेली चीक, गच्चीभर अंथरलेली लुगडी आणि मध्ये एक सोऱ्या. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख. सगळ्यांचे नवरे फायनलचा मांडव घालायला गेलेले. पुरुष म्हणून उरलो होतो मी एकटा. पेपरात तर गारा आहेत, असं मी कसंबसं म्हणालो.

"म्हणूनच तं जमलो, भाऊजी," रंभाबाई म्हणाली. "आठ वर्सं झाली. तुमच्या पेपरात कोरडं आलं का आम्ही गवऱ्या आत घेतो, झड आली का गोधड्या धुतो. पण गारा कधी आल्याच नोत्या. म्हटलं, एवढं पक्कं ऊन पुन्हा कधी भेटीन? सातही घरचं आजच उरकू. गहू माह्याच घरी भिजवला."

हे मला आजवर काहून सांगितलं नाही, असं मी मनकर्णेला विचारलं.

"तुमाले वाईट वाटलं असतं," ती म्हणाली आणि सोऱ्या माझ्या हातात दिला. वाईट वाटलंच. पण चीक गार होत होता, त्यामुळे वाईट वाटायला सवड मिळाली नाही.

पावणेदहाला सातवं पातेलं संपलं. मी तसाच मांडवात पळालो. मोहल्ल्यातल्या पुरुषांचा मात्र छापील अक्षरावर अढळ विश्वास होता. लिंबाएवढ्या गारा पडणार म्हणून अर्धे छत्र्या उघडून बसले होते, अर्ध्यांनी डोक्यावर घमेली पालथी घातली होती आणि चांदीचा कप बादलीखाली झाकला होता. मी पहिला फटका मारला. स्ट्रायकर बोर्ड सोडून उडाला आणि एका घमेल्यावर टणकन आदळला. "आली, आली," म्हणत चाळीस माणसं टेबलांखाली शिरली.

त्यांना बाहेर काढण्यात अर्धा तास गेला. मला हरवायला शालिकरामला त्याहून कमी वेळ लागला. एकोणतीस-शून्य.

बुधवारी मनकर्णा कधी नव्हे ती स्वतः डबा घेऊन छापखान्यात आली. डब्यात तळलेल्या कुरडया होत्या. मी विरघळलो. मग ती हळूच म्हणाली, "येत्या रविवारी उडदाचे पापड घालून राहिलो. पीठ कुटाले तुमचाच हात लागते. ऊन मात्र कडक पायजे, तेवढी झड छापून टाकजा."

मी झडीचा गठ्ठा काढला. डाव्या हाताने.