हौसाची पहिली रजा

माझ्या ओटीपोटाच्या तळाशी हौसा नावाची एक पहारेकरीण आहे आणि एकोणचाळीस वर्षांत तिने एकही रजा घेतलेली नाही. तिच्या कामात कुणाला खोट काढायची असेल, त्याने माझ्यासमोर येऊन काढावी.

फक्त गेली तीन वर्षं ती दार उघडेना. पपई झाली, एरंडेल झालं, इसबगोल झालं, डॉक्टरांच्या पुड्या झाल्या. सगळं दारापर्यंत यायचं आणि दारात हौसा उभी. दोनदा मला दवाखान्यात नेलं आणि परक्या माणसाने हातमोजे घालून मोकळं केलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. चार तालुक्यांच्या बाजारात बांगड्या भरलेली बाई मी, कुणापुढे मान खाली घातली नव्हती. तिसऱ्यांदा तिथे जायचं नाही, एवढं ठरवलं.

तेव्हा डॉक्टरांनी फिजिओथेरपी करणाऱ्या नाझनीन मुल्लांकडे धाडलं. तिशीची पोरगी.

“बसा आजी.”

“आजी कुणाची? द्वारकाबाई म्हण.”

“बसा द्वारकाबाई.” तिने दोन केसपेपर काढले. “एक तुमचा, एक पहारेकरणीचा. त्यांचं वय?”

“माझंच. चौऱ्याहत्तर.”

“ड्यूटी किती तासांची?”

“चोवीस,” हौसा आतून म्हणाली. आवाज दबका, पण शब्द स्वच्छ.

नाझनीनने लिहून घेतलं. मग योग्य त्या जागी मशीनच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्याच्या पडद्यावर हिरवी रेघ आली. हौसाने मूठ आवळली की रेघ वर, सोडली की खाली. “संडासात बसून करता तसा जोर करा,” नाझनीन म्हणाली. मी केला. रेघ झपकन वर चढली.

“बघितलंत? तुम्ही जोर करता तेव्हा त्यांनी सैल पडायला हवं. त्या उलट आवळतात. बऱ्याच जणींचं असं होतं.”

“कुणीतरी दार ढकलतंय,” हौसा म्हणाली. “ढकललं की मी आवळणार. मला हुकूमच तसा आहे.”

“हुकूम कुणाचा?”

“हिचा.”

मग मला सांगावं लागलं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी आठवडी बाजारात बायांना आडोशाला जागा नव्हती. बाभळींच्या मागे गेलं की पुरुष मुद्दाम तिकडेच विडी ओढायला यायचे. एकदा एकजण हसला. त्याला मी पायातली वहाण फेकून मारली, परत येऊन टोपलीशी बसले आणि हौसाला बजावलं, ‘आवरलं गं’ अशी हाक येईपर्यंत कितीही जोर आला तरी उघडायचं नाही. ती हाक आम्हा बाजारवाल्या बायांची. दिवस कलला की एकजण ओरडायची, सगळ्या मिळून निघायच्या आणि कालव्याच्या वळणावर शेतात बसायच्या. एकीने पाठ फिरवून पहाऱ्याला उभं राहायचं.

“म्हणजे तिथे तरी ह्यांना सुटी मिळायची,” नाझनीन म्हणाली.

हौसाच बोलली. “कसली सुटी? पहाऱ्याला रोज हीच. दुसरीवर भरवसा नाही ना! सगळ्या बसल्या की म्हणायची, माझं मी घरी बघीन. घरी गेली की चूल. पहाटे कधीतरी घाईघाईत मीच हिची नजर चुकवून सोडायची. चोरून. कागदावर नाही.”

“बाजार सोडून किती वर्षं झाली?”

“नऊ,” मी म्हणाले.

“ह्यांना कळवलंत?”

कळवलं नव्हतं. कळवायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

दर बुधवारी आम्ही दोघी नाझनीनकडे जाऊ लागलो. श्वास छातीत नाही, पोटात भरायचा. सोडताना गरम चहावर घालतो तशी फुंकर. पाय उंच ठेवायचे, गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांड्यांवर. बाजारात ज्या बुटक्या स्टुलावर बसायची तेच मी माळ्यावरून काढून कमोडपुढे ठेवलं. रोज न्याहारीनंतर दहा मिनिटं. झालं तर झालं, नाहीतर उठायचं, झगडायचं नाही. डॉक्टरांची पुडी चालूच. पाचव्या बुधवारी मी फुंकर घातली आणि रेघ तळाला टेकली. घरी मात्र काही नाही.

“इथे ही पोरगी आहे,” हौसा म्हणाली. “घरी मी बसले तर उभं कोण राहणार?”

नाझनीनने पेन खाली ठेवलं. “मुद्दा रास्त आहे. बदली माणूस द्यावा लागेल. सूनबाई?”

“सुनेवर हिचा भरवसा बसला तर ना,” हौसा म्हणाली.

“मी राहीन उभी,” मी म्हणाले.

“द्वारकाबाई, तुम्ही तर बसलेल्या असणार.”

“बसून उभी राहीन. तू लिही.”

तिने लिहिलं. मी शाळेत गेलेली नाही, बांगड्या गुंडाळायच्या रद्दीवर वाचायला शिकले. दोनदा वाचून खाली सही केली.

शुक्रवारी पोट साफ न झाल्याचा सहावा दिवस होता. सातव्याला पुन्हा दवाखाना. न्याहारी केली, कडी लावली, पाय स्टुलावर घेतले, कोपरं मांड्यांवर टेकली. पोटात श्वास भरला आणि बाजारात ओरडायचे तशी ओरडले.

“आवरलं गं!”

मग हौसा म्हणाली, “सगळ्या निघाल्या?”

“निघाल्या.”

“बाजार?”

“उठला.”

“आणि तू कुठंयस?”

“इथंच. पाठ फिरवून आहे. कुणी येत नाही. बस तू निवांत.”

हौसा बसली. मी फुंकर घातली, जोर केला नाही. तिची मूठ एकेक बोट करून सुटली, ते मला कळत होतं. मग सगळं झालं, घाई न होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पहाऱ्यावर असल्यामुळे ते मी पुसलं नाही.

बाहेरून सून दार वाजवत होती. “आत्याबाई, काय आवरलं?”

“बाजार,” मी म्हणाले. “थांब जरा. हौसा उठायची आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि दाराशीच थांबली. फटीतून तिची टाच दिसत होती. तिने पाठ फिरवली होती.